खुंटांना फुटलेलं रान

नगरच्या कचेरीतल्या एका कारकुनाची मी मुलगी. डोंगर म्हटलं की मला पाठ्यपुस्तकातलं हिरवं त्रिकोणी चित्र आठवायचं. सत्तर सालच्या दिवाळीनंतर जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली, आणि एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी घोडेगावच्या अलीकडच्या एका फाट्यावर एस.टी.तून उतरले. तिथून गाव दीड कोस. चालताना समोर जो डोंगर दिसत होता तो भादरलेल्या डोक्यासारखा होता. नुसता मुरूम आणि दगड, मधूनमधून तरवडाची खुरटी झुडपं. तरवड शेळ्या खात नाहीत म्हणून ती तेवढी उरली होती, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की इथे डोळ्यांना विसावा मिळायचा नाही.

शाळेच्या मागच्या खोलीत मी राहू लागले. चुलीला सरपण लागायचं. ते एक बाई आणून देत. पन्नाशीच्या, उंच, काटक, कपाळावर गोंदण. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. नवऱ्याला दमा, जमीन दोन एकर आणि तीही बरड, दावणीला सहा शेळ्या. पिकावर भागत नसे, म्हणून त्या डोंगरावरून लाकडं आणून, मोळी डोक्यावर घेऊन, घोडेगावच्या बाजारात विकायच्या. एक मोळी दर आठवड्याला माझ्याकडे टाकायच्या.

एकदा मोळी सोडताना माझ्या हाताला मातीच माती लागली. मी म्हटलं, "मावशी, ह्या काय फांद्या आहेत? सगळ्या वाकड्यातिकड्या, मातीनं भरलेल्या."

"फांद्या कुठल्या बाई, मुळ्या हायेत त्या. वरचं समदं कवाच सरलं. आता खालचं उकरून आनतो आमी."

त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र त्या संध्याकाळी चुलीसमोर बसून भाकरी थापताना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. गाव जमिनीखालचं जाळत होतं, आणि त्यात माझीही चूल होती.

पुढच्या रविवारी मी हट्टानं त्यांच्याबरोबर डोंगरावर गेले. मावशी कुदळ घेऊन एकेका खुंटापाशी थांबत. बोटभर फुटवे आलेले असत, त्यांची टोकं शेळ्यांनी खाल्लेली. मला सगळी खुंटं सारखीच दिसत होती. त्यांना नाही. "हा पळस. ही बोर. ह्यो हिवर. मी लग्न हून आले तवा हितनं खालची वाट दिसत नव्हती. सासू म्हनायची, एकली जाऊ नगं, लांडगा हाय."

"मग एवढं सगळं गेलं कुठे?"

"कुठं जातंय? चुलीत गेलं, वीटभट्टीत गेलं. आन लई करून माझ्याच डोक्यावरनं घोडेगावला गेलं." त्यांनी सबब सांगितली नाही, की दोष दुसऱ्यावर ढकलला नाही. मला त्यांचा आदर वाटू लागला तो त्या वाक्यापासून.

मग त्यांनी मला डोंगराच्या कुशीला वळसा घालून पलीकडे नेलं. तिथे दोन भावांची सामायिक पडीक जमीन होती, तिला पड म्हणत. वाटणीवरून दोघांचं बिनसलेलं, कोर्टात दावा चाललेला. तीन वर्षं दोघं एकमेकांवर अशी पाळत ठेवून होते, की एकानं काडी मोडली तरी दुसरा पोलिसांत जायला निघे. मग गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे. भांडणाच्या त्या तुकड्यात शिरलो आणि मी थबकलेच. माणसाच्या डोक्यावर गेलेले कडुनिंब, पळस, हिवर. गुडघाभर गवत. आमची चाहूल लागून एक तितर भर्रकन उडाला.

"ही झाडं कुणी लावली, मावशी?"

"लावतंय कोन? खाली मुळ्या जित्या हायेत. आपन दर साली वरचं कापतो, उरलंसुरलं शेरडं खात्यात. ते पुन्ना फुटतं, पुन्ना कापतो. हितं तीन साल कुनी हात लावला न्हाई, मंग वाढलं." त्या एका निंबाच्या खोडावरून हात फिरवत राहिल्या. "बाई, दोघांच्या भांडनानं एवढं झालं. समद्यांनी ठरवून केलं तर किती हुईल?"

त्या दिवशीही परतताना त्यांनी मोळी बांधलीच. घरी चूल होती, बाजार दोन दिवसांवर होता. पण उतरताना एका खुंटाला त्यांनी कुदळ लावली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, माती परत पायानं लोटून दिली.

चावडीवर बायका जात नसत. शाळेत बाईंनी बोलावलं म्हटलं की मात्र येत. म्हणून मी मुलींच्या हाती निरोप धाडला, की आयांची सभा आहे. तीसेक जणी आल्या, काही कडेवर मूल घेऊन, काही नुसत्या बघायला. मावशी उभ्या राहिल्या आणि सरळ बोलल्या. अख्खा डोंगर नाही, ओढ्याच्या अंगाची बाजू तेवढी तीन वर्षं बंद ठेवायची. तिथे कुऱ्हाड नाही, कुदळ नाही, शेळी नाही. गवत विळ्यानं कापून आणायचं. बाकीचा डोंगर पूर्वीसारखाच सगळ्यांना मोकळा.

"मंग सैपाक कशावर करायचा? हातावर?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या.

"गवऱ्या लावा, तुरकाट्या लावा, पलीकडनं आना. न्हाई म्हनते का मी? पन ही बाजू सोडा."

"आन तुझी शेरडं?"

"चार इकीन. दोन ठेवीन."

त्यावर कुणी हसलं नाही. मावशींच्या शेळ्या म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी सरपंच शाळेत आले. मावशींच्या नवऱ्याचे ते चुलत धाकटे भाऊ. माणूस सरळ होता, पण बायकांनी परस्पर काही ठरवलं याचा त्यांना राग आला होता. मावशींनाही बोलावून घेतलं. म्हणाले, "वयनी, मोळी इकून तुमचं घर चालतंय. बंदी झाली तर सगळ्यात आधी तुमचीच चूल इझंल. कळतंय का?"

"माझी इझंल ते मला ठाव हाय, भावजी. म्हनून तर मी बोलते. दुसरी कुनी बोलली असती तर तुमीच म्हनला असता, मावशीच्या पोटावर पाय देतीय."

सरपंच टोपी डोक्यावर चढवत उठले आणि म्हणाले, "तीन वर्सं म्हनता ना? बघू."

बघू म्हणजे हो, हे मला मावशींच्या चेहऱ्यावरून कळलं.

बंदी सुरू झाली. राखणीला रोज दोन घरं. कुणाची पाळी आहे ते लक्षात राहावं म्हणून एका शेतकऱ्यानं आपल्या विकलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा दिली. ज्या घराच्या दाराला ती घंटा त्या दिवशी लटकलेली असे, त्यांनी डोंगरावर जायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या दाराला बांधायची. सुरुवातीला कुरकुर झाली, भांडणंही झाली. एकाचा बैल आत सापडला तेव्हा त्याला आठ दिवस लागोपाठ राखण करावी लागली. तो मनुष्य दातओठ खात वर गेला, आणि आठव्या दिवशी खाली आला तो सांगत, की आत किती खुंटं फुटलीत ते तुम्हाला ठाऊक नाही.

मावशींनी चार शेळ्या खरंच विकल्या. मोळ्या कमी झाल्या तशा त्या सोनईकडच्या मळ्यांत खुरपणीला जाऊ लागल्या. आठवडा आठवडा तिकडेच राहायच्या आणि आल्या की घरात पाऊल टाकण्याआधी डोंगराकडे बघून घ्यायच्या.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगायला हवं. शाळेत मुलांसाठी दलिया यायचा, तो शिजवायला जळण लागे. मी स्टोव्ह घेतला होता, पण शाळेच्या मोठ्या पातेल्याला तो पुरत नसे. म्हणून मी चौथीच्या मुलींना सांगितलं, येताना दोन दोन काड्या घेऊन या. काड्या येत राहिल्या. कुठून येतात ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मला माहीत होतं.

एक दिवस वर्ग भरलेला असताना मावशी दारात उभ्या राहिल्या. दाराबाहेरच्या दलियाच्या चुलीपाशी पडलेली एक काडी त्यांनी उचलली. तिचं कापलेलं टोक ओलं होतं.

"बाई, ही कुठली?"

मी म्हटलं, "मुलींनी आणली असेल कुठून तरी."

"कुठून तरी न्हाई. ही ओढ्याच्या अंगाची हाय. हिवराचं तिसरं खुंट, मोठ्या दगडाखालचं. परवाच्या दिशी मी बघितलंय. एवढा एकच सरळ फुटवा हुता त्याला." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पोरींचं काय, तुमी सांगाल ते त्या करनार. तुमी इचारायला पायजे हुतं."

चाळीस मुलांसमोर माझे कान तापले. क्षणभर वाटलं, मी शिक्षिका, ही मोळीविकी बाई मला शिकवणार? पण ते जेमतेम क्षणभरच. कारण त्यांचं बरोबर होतं, आणि माझं चुकलं होतं हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, मावशी. नियमाप्रमाणे काय असेल ते सांगा."

"घंटा तुमच्या दाराला बांधते. आठ दिस न्हाई, शाळा हाय. येत्या आयतवारी एक दिस."

त्या रविवारी मी दिवसभर डोंगरावर एकटी होते. भाकरी, पाण्याची चरवी आणि डोक्यावर पदर. सुरुवातीचे दोन तास जीव कंटाळला. मग करायला काही नाही म्हणून मी खुंटं बघत हिंडले. मेलेली वाटणारी, कुदळीचे घाव बसलेली, शेणानं माखलेली. आणि प्रत्येकाच्या बुडातून लालसर कोवळी पानं. काही ठिकाणी बारा बारा फुटवे. दोन दगडांच्या फटीतून एक बोर उगवली होती ती कुणीच लावली नव्हती. उन्हं कलेपर्यंत मला पळस, हिवर, बोर, अंजन वेगवेगळे ओळखता यायला लागले होते. बी.ए.च्या परीक्षेपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान वाटला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलेलं. विहिरींना तळ दिसला. गावातले धडधाकट सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले, मावशीसुद्धा. राखणीला माणूस मिळेना. तेव्हा मावशींचे यजमान, ज्यांना दोन पावलं चाललं की धाप लागायची, ते म्हणाले, मी बसतो. रोज सकाळी काठी टेकत ते डोंगराच्या पायथ्याशी जात आणि संध्याकाळपर्यंत बसून राहत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घरात बसून खोकायचं ते हितं बसून खोकतो. शेरडं खोकल्याला भित्यात."

त्याच हिवाळ्यात त्या दोन भावांचा समेट झाला. भुकेनं दोघांनाही वाकवलं. दावा मागे घेतला, गळाभेट झाली, आणि पंधरा दिवसांत त्यांनी ती पड सगळी तोडून गाड्या भरल्या. त्यांची जमीन होती, त्यांची गरज होती, कुणी काय बोलणार? पण गाड्या शाळेवरून गेल्या तेव्हा मावशी शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठून आत गेल्या.

त्यानंतर गावाचा धीर सुटला. संक्रांत झाली तशी शाळेपुढे सभा बसली, या वेळी बायका आणि पुरुष एकत्र. गुरांची हाडं वर आली होती. किती तरी जणांनी घोडेगावच्या बाजारात बैल मिळेल त्या भावानं दिले होते. एकजण उठला. "आमी मरायला लागलो आन वर पाला झुलतोय. उघडा ती बाजू." दहा जणांनी माना डोलावल्या. सरपंच मावशींकडे बघत होते.

मला वाटलं होतं त्या अडून बसतील. त्या म्हणाल्या, "उघडा की. पन शेरडाच्या तोंडाला न्हाई, आपल्या कोयत्याला उघडा."

कुणालाच नीट समजलं नाही. मग त्यांनी समजावलं. एकेका खुंटाला दहा दहा, बारा बारा फुटवे आहेत. सगळे वाढणार नाहीत, एकमेकांचं तोंडचं काढून घेतात. त्यातले दोन चांगले ठेवायचे, बाकीचे बुडाशी कापायचे. पाला गुरांना, काटक्या चुलीला. "बांधावरची बाभळ सरळ वाढावी म्हनून तिचे खालचे फुटवे काढता का न्हाई? औताला सरळ लाकूड पायजे म्हनून काढताच की. त्येच हितं करायचं."

"आन कोन ठरवनार कुठला ठेवायचा?"

"मी ठरवीन," मावशी म्हणाल्या. आणि एवढ्या सभेत कुणालाही त्यावर शंका काढावीशी वाटली नाही.

ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. खडीच्या कामाला सुट्टी असेल त्या दिवशी घरटी एक माणूस कोयता घेऊन वर. मावशी पुढे. प्रत्येक खुंटापाशी बसायच्या, फुटवे बोटांनी चाचपायच्या. कुठला बुडाशी घट्ट धरलाय, कुठला नुसता सालीला चिकटलाय, कुठला सरळ जाईल. ठेवायच्या दोन फुटव्यांना चिंधी बांधायच्या. चिंध्या संपल्या तेव्हा स्वतःच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला. मग कापणारीला सांगायच्या, "तिरपा घाव घाल, पानी थांबलं न्हाई पायजे. आन बुडाशी, पन खोडाला लागू देऊ नगं." कुणी घाईनं चिंधीवालाच कापला तर पाठीत धपाटा, मग ती सून असो की सासू. एकदा खुद्द सरपंचांचा हात त्यांनी मनगटाला धरून थांबवला. सरपंच हसले आणि म्हणाले, "वयनी, तुमी सांगा, मी नुसतं धरतो." आणि दिवसभर त्यांनी खरंच फांद्या वाकवून धरण्याचं काम केलं.

शाळा कधी न पाहिलेली ती बाई. त्या डोंगरावरचं एकही खुंट तिला अनोळखी नव्हतं. कारण त्यातलं प्रत्येक तिनं पूर्वी कधी ना कधी तोडलं होतं. तोडताना मिळालेली ओळख ती आता वाढवायला वापरत होती. मी खूप शिकलेल्या माणसांबरोबर नंतर काम केलं, पण आपल्याच कामाची दिशा अशी उलटी फिरवणारं माणूस मला पुन्हा दिसलं नाही.

त्या रानानं दुष्काळ टाळला असं मी म्हणणार नाही. पाला थोडे दिवस पुरला. त्यानंतरही गुरं छावणीत न्यावी लागली, काही मेली. मावशींच्या दोन शेळ्यांतली एक उन्हाळ्यात गेली. पण डोंगराची ती बाजू मोडली नाही, आणि लोकांना कळलं की बंद ठेवलेलं रानही आपल्याला देतं, फक्त मागायची पद्धत वेगळी.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दोनच फुटवे ठेवलेल्या खुंटांनी असा जोर केला, की दसऱ्यापर्यंत कडुनिंब माझ्या डोक्यावर गेले. ओढ्याच्या अंगाला गवत कमरेला लागू लागलं. गवत कापायच्या दिवशी बायकांनी वरच जेवणं केली, पिठलं-भाकरी आणि कांदा, पळसाच्या पानांवर. ती पानं त्याच खुंटांची होती. मावशींनी दोनदा यजमानांना पाठीला टेकायला दगड बदलून दिला आणि पाणी पाजलं. यजमानांना तिथपर्यंत चौघांनी खाटेवरून आणलं होतं.

दोघा भावांच्या तोडलेल्या पडीतही पुन्हा फुटवे आले. धाकटा भाऊ एकदा घंटा मागायला आला, आमची पडही राखणीत घ्या म्हणून. मावशींनी त्याला भरपूर ऐकवलं आणि मग घंटा दिली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या बदलीचा कागद आला. माझं लग्नही ठरलं होतं, नगरला सावेडीच्या माळावर सासरच्यांचं नवं घर होत होतं. कागद घेऊन मी मावशींकडे गेले तर घराला कडी. यजमान ओट्यावर होते. म्हणाले, वर गेलीय, समद्याच गेल्यात.

मी चढून गेले. ओढ्याच्या पलीकडचा जो डोंगर आम्ही मोकळा ठेवला होता, तिथे दहा-बारा बायका होत्या. कुणी दगड गोळा करत होतं, कुणी त्यांना चुना फासत होतं. मला काही माहीतच नव्हतं. सभा झाली होती, ठरलं होतं, आणि या वेळी शाळेची गरज पडली नव्हती.

"आता ही बाजू घेतो," मावशी म्हणाल्या. "पहिल्या बाजूचं गवत-काटकी समद्यांना पुरायला लागलंय."

मी बदलीचं सांगितलं. त्यांचे डोळे भरले असावेत, पण ऊन होतं, मला नक्की सांगता येणार नाही. मग त्यांनी हातातल्या लांब दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"बदली कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"मंग आज धरा हे. त्या पांढऱ्या दगडापाशी हुबं ऱ्हावा, मी वर जाते."

त्या दोरीचं दुसरं टोक घेऊन चढू लागल्या. दोरी ताणली गेली. मधल्या बायका तिच्याखाली एकेक दगड मांडत गेल्या, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही हद्द आखत होतो.